मुडदा संमेलनातच पडला पाहिजे

१९३४-३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या विज्ञानकथा मासिकांच्या वाचकांत एक युद्ध जुंपलं. कारण होतं मासिक शिवायला वापरल्या जाणाऱ्या तारेच्या पिना. इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनचा बॉब टकर हा विशीतला वाचक या पिनांवर उखडला आणि त्याने पिनाविरोधी संघटना काढल्याचं जाहीर केलं. तिकडे न्यूयॉर्कच्या डोनाल्ड वॉल्हाइमने पिनांच्या रक्षणासाठी दुसरी संघटना उभी केली आणि तिला मुद्दाम असं लांबलचक नाव दिलं की एका दमात म्हणता येऊ नये. पत्रांना उत्तरं आली, उत्तरांना प्रत्युत्तरं आली. अशातच 'अस्टाउंडिंग' मासिकाच्या संपादकाला पत्र गेलं की टकर वारला. संपादकाने विश्वास ठेवून ते छापलं. टकर ठणठणीत होता. तो खरोखर गेला २००६ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी.

दिवाळी अंकासाठी विनोदी खूनकथा लिहायच्या विचारात असलेल्यांनी हा प्रसंग वहीत टिपून ठेवावा. पिनांसारख्या फालतू गोष्टीवरून भांडण, त्यात पदरमोड करून उतरलेली हुशार माणसं, खोटी मरणवार्ता आणि ती छापून फसलेला संपादक, असा सगळा ऐवज इथे आयता आहे. विज्ञानकथेच्या चाहत्यांच्या जगात, ज्याला ते स्वतः फॅनडम म्हणतात तिथे, असे प्रसंग पैशाला पासरी सापडतात. त्यामुळे इंग्रजीत या जगावर बेतलेल्या खूनकथांची एक छोटी पण झकास परंपरा तयार झाली आहे. मराठीत हा प्रांत जवळजवळ मोकळा आहे.

मात्र उतरण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. या प्रकारात विनोद आणि रहस्य अशी दोन वेगळी खाती ठेवून चालत नाही. आधी चार पानं हसवायचं आणि मग गंभीर चेहऱ्याने तपास करायचा, अशी कथा मधोमध दुभंगते. सुगावा लपवायला विनोदासारखी जागा नाही. वाचक हसला की त्याचा पहारा ढिला पडतो, त्याच क्षणी पुरावा त्याच्या हातात ठेवून द्यावा. कथेच्या पहिल्या अर्ध्या भागातला जवळपास प्रत्येक विनोद दुसऱ्या अर्ध्या भागात साक्षीदार म्हणून उभा राहिला, तर कथा जमली.

हे जग उभं कसं राहिलं याची थोडी माहिती लागेल. ह्युगो गर्न्सबॅकने १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं आणि वाचकांची पत्रं त्यांच्या पत्त्यांसकट छापली. एकाच वेडाने झपाटलेल्या, गावोगाव विखुरलेल्या पोरांना एकमेकांचा पत्ता लागला. ती आपापसांत पत्रं लिहू लागली, मंडळं काढू लागली. १९३० पासून त्यांची हौशी मासिकं निघू लागली. १९३९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन, म्हणजे वर्ल्डकॉन, भरलं. माणसं जेमतेम २००. जागतिक हे नाव त्याच उन्हाळ्यात शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनावरून आलं होतं, पण ते चिकटलं ते कायमचं. १९५३ पासून या संमेलनात ह्युगो पुरस्कार देऊ लागले. पुढे अमेरिकेत वर्षभर ठिकठिकाणी लहानमोठी संमेलनं भरू लागली. शुक्रवारी हॉटेलात जमायचं, रविवारी पांगायचं.

त्या पहिल्याच संमेलनात जे घडलं ते रहस्यकथा लिहिणाऱ्याने सावकाश वाचावं. आयोजक सॅम मॉस्कोविट्झ आणि त्याचे दोन साथीदार यांचं 'फ्युचरियन' नावाच्या दुसऱ्या गटाशी वाकडं होतं. संमेलनाच्या दिवशी सभागृहात एका पिवळ्या पत्रकाचा गठ्ठा सापडला. आयोजकांच्या हुकूमशाहीपासून सावध राहा, असा त्यातला सूर. गठ्ठा रेडिएटरच्या आडोशाला दडवलेला होता. मॉस्कोविट्झने निष्कर्ष काढला की हे काम फ्युचरियनांचंच, आणि सहा जणांना दारातच अडवलं. त्यात वॉल्हाइम होता, फ्रेडरिक पोल होता, सिरिल कॉर्नब्लुथ होता. पत्रक लिहिलं होतं मात्र डेव्ह काइल नावाच्या सातव्याच पोराने. तो आत बसून भाषणं ऐकत होता.

यात रहस्यकथेचा अख्खा सांगाडा आहे. त्या दुपारी सभागृहात कुणाचा खून झाला असता, तर पहिला संशय बाहेरच्या सहांवर गेला असता. त्यांच्याकडे हेतू होता, राग सगळ्यांना ठाऊक होता, आणि तरीही ते दाराबाहेर असल्याचे साक्षीदार खुद्द त्यांचे शत्रूच होते. इतकी मजेदार ॲलिबी कुणा लेखकाला सुचणं अवघड. पुढे वॉल्हाइमने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, पोल नामवंत संपादक झाला, आणि मॉस्कोविट्झने त्या काळातल्या भांडणांचा इतिहास लिहिला. 'द इमॉर्टल स्टॉर्म' हे त्याचं नाव. काही डझन पोरांच्या कुरबुरी त्यात एखाद्या महायुद्धाच्या इतमामाने सांगितल्या आहेत. लिहिणाऱ्याने हे पुस्तक जरूर चाळावं. त्यातली गंभीर चाल उचलता आली तर निम्मं काम झालं, कारण या जगातला विनोद पात्रांना कळता कामा नये.

आता आधीच्या लेखकांनी काय केलं ते पाहू. अँथनी बाउचरची 'रॉकेट टू द मॉर्ग' ही कादंबरी १९४२ ची. बाउचर रहस्यकथेतला आणि विज्ञानकथेतला, दोन्हीकडचा मुरलेला माणूस. पुढे 'द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन'च्या संस्थापक संपादकांपैकी तो एक, आणि रहस्यकथाप्रेमींचं आजही भरणारं 'बाउचरकॉन' त्याच्याच नावाचं. ही कादंबरी त्याने एच. एच. होम्स या टोपणनावाने छापली, आणि ते नाव एकोणिसाव्या शतकातल्या शिकागोच्या एका खऱ्या खुन्याचं होतं. कथा लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथा लेखकांच्या कंपूत घडते. रॉबर्ट हाइनलाइनच्या घरी जमणाऱ्या खऱ्या कंपूवरून तो घेतलेला आहे. बळी ठरवलेला माणूस म्हणजे एका दिवंगत लोकप्रिय लेखकाचा वारस. वडिलांच्या पुस्तकांच्या हक्कांवर तो नागासारखा बसला आहे. त्याला मारावंसं न वाटणारा लेखक त्या शहरात नाही.

इथे शिकण्यासारखी गोष्ट हेतूची आहे. गादी, जमीन, सवत, मृत्युपत्र हे हेतू कुठल्याही रहस्यकथेत चालतात. फॅनडमच्या कथेला फॅनडममध्येच उगवणारा हेतू हवा. पुस्तकांचे हक्क अडवणं, एखाद्याची कथा ढापणं, संग्रहातल्या एकुलत्या एक अंकावर कॉफी सांडणं, पुढल्या संमेलनाचं यजमानपद पळवणं. बाहेरच्या पोलिसाला हा हेतू हास्यास्पद वाटावा आणि आतल्या माणसाने मान खाली घालून म्हणावं, "हो, एवढ्यावरून मारतील."

मॅक रेनॉल्ड्सने १९५१ साली 'द केस ऑफ द लिटल ग्रीन मेन' लिहिली. परग्रहवासी पृथ्वीवर वेष पालटून राहतात का, हे शोधायला चाहत्यांचं एक मंडळ चक्क खासगी गुप्तहेराला पैसे देतं. पुढे मुडदे पडू लागतात. आयझॅक असिमोव्हची 'मर्डर ॲट द एबीए' (१९७६) फॅनडमच्या शेजारच्या गल्लीतली आहे. ती पुस्तकविक्रेत्यांच्या अधिवेशनात घडते. पण तिचा निवेदक हार्लन एलिसन या वादळी विज्ञानकथाकारावरून घेतलेला आहे आणि असिमोव्ह स्वतःच त्यात एक पात्र आहे. निवेदक आणि असिमोव्ह तळटीपांमधून एकमेकांशी हुज्जत घालतात, तो भाग विशेष खुसखुशीत. इतक्या हसण्याखिदळण्यातही कथेला वजन येतं ते एका क्षुल्लक विसरण्यामुळे. निवेदकाकडून एक साधं काम राहून जातं, आणि तेवढं केलं असतं तर मरणारा कदाचित वाचला असता, हा सल त्याला सोडत नाही. विनोदी खूनकथेत असा एक काटा ठेवावाच. नाहीतर मेलेला माणूस बाहुला होतो, आणि बाहुल्याचा खुनी कोण याची उत्सुकता कुणाला?

या परंपरेतली सगळ्यात गाजलेली कादंबरी शॅरिन मॅक्रंबची 'बिम्बोज ऑफ द डेथ सन', १९८७ ची. रहस्यकथेसाठीचा एडगर पुरस्कार तिला १९८८ साली मिळाला. नायक अभियांत्रिकीचा प्राध्यापक. त्याने सरळसाध्या मनाने एक गंभीर विज्ञानकादंबरी लिहिली. प्रकाशकाने तिला हे उथळ नाव आणि त्याला शोभेसं मुखपृष्ठ चिकटवलं. आता कॉलेजात कुणाला कळू नये म्हणून तो टोपणनावाने वावरतो आहे. संमेलनाचा प्रमुख पाहुणा लोकप्रिय कादंबऱ्यांची माळ लिहिणारा, चाहत्यांचा मनापासून तिरस्कार करणारा माणूस. मुडदा त्याचाच पडतो. खुन्याला पकडण्यासाठी प्राध्यापक 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा डाव मांडतो आणि त्या डावातूनच सत्य बाहेर काढतो. अगाथा ख्रिस्तीच्या कथेत सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा होतो, तेच काम इथे फासे आणि कल्पित राक्षस करतात. उलगड्याची जागा त्या जगातूनच काढावी ती अशी.

पण या कादंबरीवर फॅनडममधल्या बऱ्याच वाचकांचा राग आहे, आणि तो अगदीच अनाठायी नाही. त्यातले चाहते बहुतेक अवजड, अजागळ आणि माणसांत न मिसळणारे दिसतात. लांबून हसलेलं लगेच ओळखू येतं. तिचाच पुढचा भाग, 'झॉम्बीज ऑफ द जीन पूल' (१९९२), त्या मानाने जास्त मायेने लिहिलेला आहे. जुन्या चाहत्यांचा एक कंपू बऱ्याच वर्षांनी एकत्र जमतो आणि ज्याला सगळे मेलेला समजत होते असा एक सोबती दारात येऊन उभा राहतो. टकरच्या खोट्या मरणवार्तेची सावली इथे सरळ दिसते. ज्याला एकच कादंबरी वाचायला सवड आहे त्याने पहिली वाचावी. ज्याला लिहायचं आहे त्याने दुसरीही वाचावी.

सेरा पिन्स्करची २०१७ ची दीर्घकथा 'अँड देन देअर वेअर (एन मायनस वन)' वेगळ्या धर्तीची आहे. समांतर विश्वांतल्या सगळ्या सेरा पिन्स्कर एका बेटावर संमेलनाला जमतात. त्यातली एक मरते. तपास करणारीही सेरा पिन्स्करच, फक्त तिच्या विश्वात ती लेखिका न होता विमा कंपनीची तपासनीस झालेली. मेलेली मी, संशयित मी, साक्षीदार मी. ह्युगो आणि नेब्युला या दोन्ही पुरस्कारांच्या अंतिम यादीत ती होती. खळखळून हसवत नाही, पण कल्पना कुठवर ताणता येते ते पाहण्यासाठी वाचावी.

आता सामानसुमानाकडे वळू. खरं गुपित तिथे आहे. फॅनडमच्या प्रत्येक काळाची स्वतःची हत्यारं, स्वतःचे डाग आणि स्वतःचे कागद आहेत. चाळीसच्या आधीची गोष्ट लिहायची असेल तर हेक्टोग्राफ समजून घ्यावा. सायक्लोस्टाइल ज्यांना परवडत नसे ती पोरं आपली मासिकं यावर काढत. पसरट ट्रेमध्ये जिलेटिन आणि ग्लिसरिनचा थर थापायचा. खास जांभळ्या शाईने लिहिलेला मूळ कागद त्यावर पालथा दाबायचा. शाई थरात उतरते. मग एकेक कोरा कागद त्यावर ठेवून, हाताने दाबून, उचलायचा. पहिली प्रत ठसठशीत, दहावी बरी, आणि पन्नासाव्या प्रतीपर्यंत अक्षरं भुतासारखी फिकी. काम करणाऱ्याची बोटं मात्र गडद जांभळी.

या एका यंत्रातून दोन सुगावे मिळतात. जांभळी बोटं हा पहिला, आणि तो सगळ्यांनाच सुचेल, म्हणून तो खोटा सुगावा म्हणून वापरावा. संमेलनात निम्म्या पोरांची बोटं जांभळीच असणार, आणि फौजदार सगळ्यांनाच धरून नेणार, हा विनोद आपोआप होतो. खरा सुगावा फिकेपणाचा. संपादक सांगतो, "मी फक्त वीस प्रती काढल्या." मेलेल्याच्या खिशात सापडलेली प्रत इतकी पुसट आहे की ती विसावी असूच शकत नाही. मग उरलेल्या प्रती कुठे गेल्या, आणि तो खोटं का बोलला? हे वाचकाला पटण्यासाठी आधीच्या पानांत पुसट अंक वाचताना डोळे फुटल्याची तक्रार कुणीतरी विनोदाने केलेली असली पाहिजे. त्याशिवाय शेवटी केलेलं स्पष्टीकरण फसवणूक वाटेल.

सत्तरीतली कथा असेल तर वेशभूषा स्पर्धा कामाला येते. १९७२ च्या लॉस एंजेलिस वर्ल्डकॉनमध्ये एका तरुण व्यंगचित्रकाराने अंगाला कपड्याऐवजी पीनट बटर फासून रंगमंचावर प्रवेश केला. दिव्यांच्या उष्णतेने ते वितळलं, आंबूस वास सुटला, आणि जिथे जिथे तो टेकला तिथे ते चिकटलं. शेजाऱ्यांच्या पोशाखांचीही वाट लागली. तेव्हापासून वेशभूषा स्पर्धांमध्ये पीनट बटर नको हा नियमच पडून गेला. डाग कुणाकुणाला लागले यावरून कोण कुणाजवळ उभं होतं हे सिद्ध करता येतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेची गरज नाही, नाक पुरे.

तलवारींचंही असंच. पुष्कळ संमेलनांत पोशाखाबरोबर आणलेलं शस्त्र दाराशी तपासतात आणि म्यानाला पट्टी किंवा बंद लावून ते उपसता येणार नाही असं करतात. म्हणजे उपसलेली तलवार सापडली तर प्रश्न तलवारीचा राहत नाही, बंद कापला कधी आणि तो टाकला कुठे, हा होतो. एवढासा प्लास्टिकचा तुकडा कचऱ्याच्या डब्यात सापडवावा. आणि ह्युगोची बाहुली तर आहेच, म्हणजे चकचकीत धातूचं टोकदार रॉकेट. पहिली रॉकेटं १९५३ साली फिलाडेल्फियाच्या जॅक मॅकनाइट नावाच्या चाहत्याने घडवली. रॉकेटचा आकार सारखा, बैठक दरवर्षी वेगळी. मुडद्याशेजारी रॉकेट पडलं आहे आणि बैठक गायब आहे, इतकंच लिहिलं तरी जाणत्या वाचकाचे कान उभे राहतील. पण रॉकेट प्रत्येकालाच सुचतं. ते प्रकरण एकच्या शेवटी आलं तर वाचक जांभई देईल. त्याने झालेला खून शेवटी खोटा ठरवणं जास्त शहाणपणाचं.

कागदांमध्ये सर्वांत उपयोगी कागद म्हणजे कार्यक्रमपत्रिका. संमेलनात एकाच वेळी चार-पाच दालनांत परिसंवाद चालतात आणि कोण कुठे बोलणार हे छापलेलं असतं. दुसऱ्या कुठल्याही रहस्यकथेत लेखकाला ॲलिबी एकेकाच्या तोंडून काढाव्या लागतात. इथे त्या छापून हाताशी मिळतात. म्हणून लिहिणाऱ्याने कथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी तीन दिवसांची पूर्ण पत्रिका आखून काढावी, आणि परिसंवादांच्या विषयांतच विनोद भरावा. मग एका परिसंवादात एक वक्ता आलाच नाही असं करावं. त्याच्या रिकाम्या खुर्चीला उद्देशून प्रेक्षकांपैकी कुणीतरी प्रश्न विचारावा. सगळे हसतात. त्या हसण्याची वेळ पुढे फौजदाराला लागणार आहे.

जबाबांचंही तेच. समजा १९८४ सालातलं अमेरिकेतलं एखादं मध्यम गाव, बारा मजली हॉटेल. फौजदार एका हिरव्या चेहऱ्याच्या बाईंचा जबाब घेतो आहे.

"नाव?"

"इथलं की घरचं?"

"खरं नाव सांगा."

"मग इथलंच लिहा. झोर्गची थोरली राणी."

"रात्री दहा वाजता कुठे होतात?"

"लिफ्टमध्ये."

"अकरा वाजता?"

"त्याच लिफ्टमध्ये. साहेब, तुम्ही संमेलनाला नवीन दिसता."

संमेलनातल्या लिफ्ट कधीच वेळेवर येत नाहीत, ही तिथली जुनीच थट्टा. वाचक हसून पुढे जातो. शंभर पानांनंतर कळतं की बाराव्या मजल्यावरच्या पार्टीतून पाच मिनिटांत खाली आलो असं सांगणारा माणूस सपशेल खोटं बोलत होता. जिन्याने आला म्हणावं तर त्याच्या अंगावर चिलखत. कथेतला शोधक हे सांगेल तेव्हा वाचकाला स्वतःचाच राग आला पाहिजे.

मोबाइल आल्यानंतरचा काळ निवडणाऱ्याला वेगळी कसरत करावी लागते. आता प्रत्येक पोशाखाचे शेकडो फोटो निघतात, प्रत्येकावर वेळ असते. ही अडचण न मानता तिचाच फायदा घ्यावा. तोंडावर मुखवटा असला की फोटोत पोशाख दिसतो, माणूस दिसत नाही. संध्याकाळभर एकच पोशाख दोघांनी वाटून वापरला तर शेकडो फोटो एकमुखाने खोटी साक्ष देतात.

शोधक कोण असावा? बाउचरच्या कादंबरीत पोलीस अधिकाऱ्याच्या मदतीला सिस्टर अर्सुला नावाची जोगीण आहे, रेनॉल्ड्सकडे खासगी गुप्तहेर, मॅक्रंबकडे बुजरा प्राध्यापक, पिन्स्करकडे विमा तपासनीस. सगळे एक पाय दाराबाहेर ठेवून उभे आहेत, आणि त्यामुळे वाचकाला समजावून सांगण्याचं काम सोपं होतं. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार किंवा काळा पहाडसारखा सर्वज्ञ, सर्वशक्तिमान नायक मात्र इथे आणू नये. अर्नाळकरांच्या हजारांवर कादंबऱ्यांत तो शोभला. इथे त्याचा दरारा विनोदाचं तोंड दाबेल.

खरं तर चाहत्यांनाच शोधक करण्यातही मजा आहे, आणि त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने जबरदस्त कथा येऊ लागल्या. लेखकाला कुणी पाहिलेलं नव्हतं. तो फक्त पत्रं लिहायचा. हे लेखन बाईचं असूच शकत नाही, असं रॉबर्ट सिल्व्हरबर्गसारख्या मातब्बराने छापून ठेवलं. मग टिपट्रीने एका पत्रात आई वारल्याचं लिहिलं. ती शिकागोची, आफ्रिकेत भटकंती केलेली, हेही आधीच्या लिहिण्यातून ठाऊक होतं. चाहत्यांनी शिकागोच्या वर्तमानपत्रांतले मृत्युलेख धुंडाळले. मेरी हेस्टिंग्ज ब्रॅडली ही लेखिका आणि प्रवासी नुकतीच वारली होती, आणि तिला एकच मुलगी होती. ॲलिस शेल्डन. टिपट्री म्हणजे ही साठी ओलांडलेली बाई, काही काळ सीआयएमध्ये काम केलेली. १९७७ साली गुपित जगजाहीर झालं. पत्र, मृत्युलेख आणि तर्क, एवढ्या भांडवलावर लागलेला हा शोध कुठल्याही कल्पित गुप्तहेराला लाजवेल.

मराठीतही असा एक सुरेख नमुना आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि पहिली आली. लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. परीक्षकांवर आपल्या नावाचं दडपण येऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरंच उलटी फिरवली होती. सुगावा नावातच उघड्यावर ठेवलेला. रहस्यकथेत याला प्रामाणिक खेळ म्हणतात.

पुरस्कारांचं मतदान हा हेतूचा आणखी एक खजिना. ह्युगोला संमेलनाचे सदस्य पसंतीक्रमाने मतं देतात आणि कुणालाच पुरस्कार नको असंही मत देता येतं. २०१५ साली एका गटाने एकगठ्ठा नामांकनं घुसवली, तेव्हा चिडलेल्या सदस्यांनी पाच विभागांत पुरस्कारच दिला नाही. २०२३ च्या चेंगडू वर्ल्डकॉनची आकडेवारी पुढल्या जानेवारीत बाहेर आली तेव्हा आर. एफ. क्वांगच्या 'बेबल'सह काही कलाकृती कारण न देता अपात्र ठरवल्याचं दिसलं आणि मोठा गदारोळ झाला. मतमोजणी करणारा माणूस हा म्हणूनच फार उत्तम बळी. त्याच्या वहीत काय होतं हे ठाऊक असलेला एकमेव माणूस तोच, आणि तो गेला. फक्त अशा ताज्या प्रकरणातली खरी माणसं कथेत ओढू नयेत.

नावांबाबत आणखी एक पथ्य. टकरने पुढे स्वतः रहस्यकथा लिहिल्या, पहिली 'द चायनीज डॉल' १९४६ ची, आणि कथांमध्ये मित्रांची नावं बिनदिक्कत वापरली. त्यावरून मित्रांची नावं पात्रांना देण्याच्या प्रथेलाच फॅनडममध्ये टकरचं नाव पडलं. पुढे तर आपलं नाव कादंबरीत यावं म्हणून लोक धर्मादाय लिलावात पैसे मोजू लागले, आणि त्यातल्या कित्येकांना मरायचीच हौस असते. ज्याला कुणाचं नाव घ्यायचं असेल त्याने त्याची परवानगी लेखी घ्यावी. न विचारता ओळखीच्या संपादकाचा खून पाडला तर हसणारे थोडे आणि अब्रुनुकसानीचा वकील एक, असा हिशेब होतो.

कथा महाराष्ट्रात आणायची का? सरळ उचलून आणली तर ती उपरी वाटेल. आपल्याकडे विज्ञानकथेचं लेखन जुनं आहे, अनंत अंतरकरांच्या 'नवल'पासून दिवाळी अंकांपर्यंत. पण हॉटेलात तीन दिवस मुक्काम ठोकून, पोशाख घालून रात्रभर भांडणारा चाहतावर्ग इथे तसा घडला नाही. भारतात २०११ पासून कॉमिक कॉन भरतं, मुंबईतही भरतं, पण ते दिवसभराची जत्रा आहे. संध्याकाळी सगळे लोकल पकडून घरी जातात. मुक्काम नाही, मग मध्यरात्रीचा मुडदा कुठून आणणार? त्यापेक्षा न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नोकरी करणारी एखादी मराठी मुलगी तिथल्या संमेलनाला नेऊन सोडावी. तिला वेड आहे, पण सगळे रीतिरिवाज ठाऊक नाहीत. शोधकाचा एक पाय बाहेर हवा, तो असा आपोआप राहतो. आईचा फोन ऐन जबाबाच्या वेळी यावा. "जेवलीस का?" या प्रश्नाचं तिने दिलेलं उत्तर पुढे वेळेचा पुरावा ठरावा.

दिवाळी अंकातल्या कथेला संशयित पाचांहून जास्त नकोत. प्रत्येकाला एक पोशाख, एक वेड आणि एक खोटं द्यावं. खोटं खुनाशी संबंधित असण्याची गरज नाही. कुणी फुकट खोलीत घुसून झोपला होता, कुणी दुसऱ्याच्या नावाने चित्रांच्या लिलावात बोली लावली होती. उलगडा रविवारी दुपारी, समारोपाच्या कार्यक्रमातच करावा, आणि आयोजकांनी तो पत्रिकेत बसत नाही म्हणून कुरकुर करावी. शिल्लक धागे जोडायला रविवार रात्रीची जागा राखून ठेवावी. अमेरिकन संमेलनांत सगळे पांगल्यावर उरलेली मंडळी उरलेलं खाणं संपवायला एका खोलीत जमतात, त्या बैठकीला 'डेड डॉग पार्टी' म्हणतात. तिथे थकलेली माणसं, शिळे चिप्स आणि गरम झालेली बिअर यांच्या साक्षीने दोन राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत. तेवढ्यात हॉटेलचा मॅनेजर गालिच्यावरच्या रक्ताच्या सफाईचं बिल घेऊन यावा आणि ते संमेलनाच्या खात्यात टाकायचं की खुन्याच्या, यावर मंडळींनी मतदान मागावं, अर्थात पसंतीक्रमाने.